घिस्स्यातलं प्रश्नचिन्ह

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस पिळून होईपर्यंत उभं राहायचं आणि फेसासकट ग्लास तोंडाला लावायचा, ही आमची जुनी सवय. तशीच उभी होते, तेवढ्यात पेठेतल्या तालमीच्या एका पोरानं गाठलं. "ताई, आप्पांनी जुन्या वस्तादांच्या मुलाखती टाईप केलेल्या न्हवं? स्मरणिकेत आल्या न्हाईत बघा त्या. तेवढ्या व्हॉट्सॲपवर टाका की." मी म्हटलं, रात्री टाकते. एक फाईल पाठवायला लागतोय किती वेळ?

सतरा दिवस लागले.

स्मरणिका १९९८ची. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, तेव्हा लक्ष्मीपुरीत टायपिंग इन्स्टिट्यूट होतं आणि त्यातलीच एक खोली अडवून त्यांनी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम, सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कोर्टाची कामं. तालमीनं स्मरणिका काढायची ठरवली तेव्हा मजकूर जुळवायचं काम साहजिकच आप्पांकडे आलं. त्यांनी तीन म्हाताऱ्या वस्तादांकडे जाऊन, ऐकून, वहीत उतरवून, मग टाईप केलं. कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ साली खुलं झालं तेव्हाच्या गोष्टी त्या वस्तादांनी आपल्या वस्तादांच्या तोंडून ऐकलेल्या. कुस्ती खेळायच्या हौद्यातल्या मातीत ताक किती, तेल किती, हळद आणि लिंबू कधी टाकायचं, याची मापं. कुठला डाव कुणाचा. शेवटी जाहिराती इतक्या आल्या की मुलाखतींना पानंच उरली नाहीत. शुभेच्छुकांचे फोटो छापले गेले, वस्ताद फाईलमध्ये राहिले. वही पुढं घर बदलताना गेली.

ती फाईल त्यानंतर चार कॉम्प्युटर फिरली. दर वेळी कुणीतरी जुन्याचा सगळा माल नव्यात ओतायचं आणि ती गुमान बरोबर यायची. अधूनमधून आप्पा उघडून बघायचे. उघडायची.

या वेळी मात्र बदल मोठा झाला. विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप यायच्या थांबल्या. भाच्यानं धोशा लावला की ह्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. ती नसल्यानं कित्येकांच्या चांगल्या चालत्या मशीनी बाद ठरल्या. आमच्यात ती निघाली. म्हणून एका दुकानात मशीन नेलं. सांगितलं होतं अपग्रेड करायला. दुकानातल्या पोरानं फ्रेश विंडोज टाकली. "अपग्रेडनं मशीन जड होतंय ताई. डेटा हाय तसा ठेवलाय, काळजी करू नका."

डेटा खरंच ठेवला होता. नवीन विंडोज टाकताना डिस्क फॉरमॅट केली नाही, तर जुनी सगळी मांडणी 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. जुना संसार माळ्यावर टाकावा तसा. फक्त हा माळा साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच रिकामा करते. हे मला त्या रात्री वाचताना कळलं, आणि बोटांवर मोजलं तर आठ दिवस झाले होते. दहाव्याच्या आत काय करायचं ते करून घ्यायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पंचगंगेच्या घाटावर जाऊन आलेला प्रत्येक जण ते जाणतो.

'फाईल उघडत नाही' ही तक्रार म्हणजे डॉक्टरांकडं जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं आहे. त्यात किमान तीन वेगळे आजार दडलेले असतात आणि तिन्हींना एकच गोळी चालत नाही. आमच्या फाईलला तिन्ही झाले होते, एकामागून एक. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

पहिला प्रकार अगदीच किरकोळ. फाईलचं चित्र पांढरं फटक, आणि डबल क्लिक केलं की विंडोज विचारते, ही कशानं उघडू? फाईल ठणठणीत असते, तिला उघडणारा प्रोग्रॅम नव्या घरात आलेला नसतो इतकंच. वर्ड टाकलं की पांढऱ्याचं निळं झालं. इथं घाईघाईनं फाईलच्या नावाची शेपटी बदलणारे लोक मी पाहिलेत. त्यानं आतला माल बदलत नाही. माल ओळखायचा तर नोटपॅडमध्ये टाकून पहिली दोन-चार अक्षरं बघावीत. पीडीएफ असेल तर तिथं तसं लिहिलेलंच असतं. नवी वर्ड फाईल असेल तर 'पी' आणि 'के' ही अक्षरं दिसतात. ती झिप प्रकार काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. नवी वर्ड फाईल म्हणजे आतून झिपचं गाठोडंच असतं. एका माणसाची सही जगातल्या अब्जावधी फायलींच्या कपाळावर आहे आणि ती कुणालाच दिसत नाही, ह्याचं मला त्या रात्री उगाच कौतुक वाटत बसलं.

दुसरा आजार परवानगीचा. फाईल उघडायला गेलं की 'प्रवेश नाकारला'. आपल्याच घरात, आपल्याच बापाच्या फाईलला! कारण असं की विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, प्रत्येक खात्याला दिलेल्या एका लांबलचक क्रमांकानं ओळखते. जुन्या विंडोजमधला 'आप्पा' आणि नव्यातला 'आप्पा' तिच्या लेखी दोन वेगळे गृहस्थ. सातबारा जुन्या आप्पांच्या नावावर. मग फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आणि तिथं 'ओनर'च्या पुढं नवं नाव. आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू करायची खूण विसरली तर बाहेरचं दार उघडतं आणि आतल्या प्रत्येक खोलीला कुलूप तसंच. मी विसरले. दोनदा केलं. फेरफार नोंदवायला तलाठ्याकडं घालवलेल्या दिवसांच्या मानानं वीस मिनिटं काहीच नाहीत, असं म्हणून चहा ठेवला.

आणि मग ती उघडली. पडदाभर अक्षरं आली. इंग्रजी.

म्हणजे इंग्रजी नव्हेच. छोटी-मोठी रोमन अक्षरं, मध्येच कंस, तिरप्या रेघा, प्रश्नचिन्हं. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं पानामागून पान. हा तिसरा आजार, आणि तो खास आपला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो सहसा होत नाही.

युनिकोड नावाच्या जगभरच्या व्यवस्थेत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'म' म्हणजे २३५०. कोल्हापुरात तोच, टोकियोत तोच. ही व्यवस्था १९९१ पासून कागदावर होती, पण आपल्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागला. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २०००पासून. तोवर लग्नं थांबणार होती थोडीच? पत्रिका छापायच्याच होत्या. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी छोटा 'ई' ठेवलाय, क्रमांक १०१. फाँटमध्ये मात्र त्या जागी चित्र काढलेलं 'म'चं. कॉम्प्युटरला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. आप्पांचं काम कृतिदेव फाँटमध्ये असायचं. त्यात 'मराठी' हा शब्द साठवला जातो तो असा: ई, जे, के, मोठा बी, एच. फाँट असेपर्यंत मराठी, फाँट गेला की ई-जे-के. फ्रेश विंडोजमध्ये जुने फाँट नव्हते. मुखवटा गळून पडला होता, बस्स.

फाँटाचा दोष म्हणावा तर नाही. त्या काळात मराठी पडद्यावर आली ती अशाच सोंगांच्या जिवावर. पण अडचण अशी की प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं. एकीचा 'म' 'ई'वर, दुसरीचा आणखी कशावर. नव्वदीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं आपण अहवाल, दिवाळी अंक, कीर्तनं, कोर्टाचे दावे, काय काय म्हणून टाईप केलं. त्यातलं बरंच आज कुणाच्या तरी डिस्कवर असं डोळे मिटून पडलंय. पीडीएफ केलेल्यांना वाटतं आपण सुटलो. पान सुंदर दिसतं, कारण फाँट पोटात घेतलेला असतो. पण त्यात 'वस्ताद' शोधायला जा, सापडत नाही. कॉपी करा, पुन्हा ई-जे-के.

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. आप्पा पाणी प्यायला उठले. वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा कपाळावर. माझ्या मागं उभं राहून पडद्याकडं बघत बसले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल त्यांना. मी सांगायला लागले, "आप्पा, फाँट गेलाय, उद्या बघते..."

"कुस्ती," ते म्हणाले.

"काय?"

"तिथं, वरच्या ओळीत. डी, क्यू, मोठा एल, आर, एच. कुस्ती. त्याच्या पुढं वस्ताद." आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर हलत होता.

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वाचायला लागले. सावकाश, पण वाचत होते. डोळे रोमन अक्षरावर, बोटं टेबलावर, आणि तोंडातून मराठी. डोळ्यांनी वाचत नव्हते ते. कळ दिसली की बोट जायचं आणि बोट गेलं की अक्षर आठवायचं. कृतिदेवची मांडणी जवळपास रेमिंग्टन टाइपरायटरचीच. त्या मशीनवर ह्या माणसानं चाळीस वर्षं मुलांना मराठी तीस, मराठी चाळीसच्या परीक्षांना बसवलंय. मधूनच एका डावाच्या नावावर हसले. "घिस्सा बघ कसा दिसतोय. एफ, प्रश्नचिन्ह, के, मोठा एल, धाकटा एल, के. प्रश्नचिन्ह आणि के मिळून 'घ'. के म्हणजे काना." मग जरा थांबून, "पैलवानाला घिस्सा बसला की त्यालाबी प्रश्नच पडतोय."

पानभर वाचून झाल्यावर दमले आणि झोपायला गेले. मी मात्र जागी राहिले. दहाव्याचा हिशोब डोक्यात होता. विंडोज डॉट ओल्डमध्ये शिरून, त्यातल्या जुन्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून एकूण एक फाईल पेन ड्राइव्हवर घेतली. मग कृतिदेवच्या फाईलवर राईट क्लिक करून 'इन्स्टॉल'. दहा सेकंद. वर्ड पुन्हा उघडलं आणि पडदाभर मराठी. इतकं सोपं होतं. कुणाला विंडोज बदलायची असेल तर एवढंच सांगेन की फोटो आणि कागदपत्रांच्या आधी फाँट्सचं फोल्डर उचला. त्याची आठवण कुणालाच येत नाही.

जाता जाता पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमच्या फायलींचं. छापलेली स्मरणिका त्यात होती. पेजमेकर १९८५चा, ऑल्डस कंपनीचा; १९९४ला अडोबीनं ती कंपनी घेतली, शेवटची मोठी आवृत्ती २००१ला आली आणि २००४ला पुढचं काम थांबलं. आप्पांच्या दुसऱ्या एका मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टला लावायचा काळा लॉक होता, तो लावल्याशिवाय ते चालायचं नाही. तो लॉक अजून कपाटात आहे, पोर्ट मात्र आता नव्या मशीनला सहसा नसतं. शिवाय त्या काळच्या कित्येक प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर १६ बिटी, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटीत येते. ती त्यांना उंबऱ्यातच अडवते. अशा वेळी मोफत मिळणारं लिबरऑफिस कामी आलं. त्याला २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली वाचता येतात. चौकटी इकडंतिकडं झाल्या, पण मजकूर आला. शुभेच्छुकांचे फोटो मात्र एकेक जागच्या जागी. जाहिरातदार अमर असतात.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला फाईल पाठवली आणि मिनिटात उलटा फोन आला. "ताई, हे कुठल्या भाषेत हाय?" त्याच्या मोबाईलमध्ये कुठला आलाय कृतिदेव! मुखवटा माझ्या मशीनवर चढला होता, त्याच्याकडे नाही. म्हणजे आता युनिकोडमध्ये बदलणं आलं.

त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. एका बाजूला ई-जे-के टाका, दुसऱ्या बाजूला मराठी. वाटतं तेवढं हे सरळ नाही, आणि का नाही ते कळल्यावर मला टाइपरायटरबद्दल नव्यानं आदर वाटला. टाइपरायटरवर 'वि' लिहायचा तर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची आणि मग 'व', कारण कागदावर ती डावीकडं असते. 'धर्म' लिहायचा तर ध, म आणि शेवटी रफार, कारण तो डोक्यावर बसतो. जसं दिसतं तसं. युनिकोडचा क्रम उच्चाराचा: आधी व, मग वेलांटी, ध, मग र, मग म. जसं बोलतो तसं. कन्व्हर्टरला म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून एक घर पुढं आणि प्रत्येक रफार मागं न्यावा लागतो. जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो. वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडते, नाहीतर टिंबांच्या एखाद्या रिकाम्या गोलावर एकटीच लोंबकळत राहते.

आणखी एक गंमत सापडली. काही वाक्यं 'श्राजाराम महाराजांनी' अशी सुरू होत होती. आप्पांना विचारलं तर ते चिडलेच. "ते वर्डचं काम. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतंय ते. धाकटा जे म्हणजे र, मोठा जे म्हणजे श्र. मी ऑटोकरेक्ट बंद करायचो. ते पहिलं पान तुझ्या भावानं टाईप केलंय." सत्तावीस वर्षांनी भाऊ पकडला गेला. मी त्याला फोन करून सांगितलं. त्याला आठवत नव्हतं. आठवणार कसं.

मग पंधरा दिवस आमचा एक नेम झाला. संध्याकाळी सातला मी कन्व्हर्ट केलेला मजकूर वाचायची, आप्पा मूळ ई-जे-के समोर ठेवून ऐकायचे. अडलं की बोटं टेबलावर. त्यांना कन्व्हर्टरचा राग नव्हता. नवीन पोरगं लावलंय, शिकेल, असं म्हणायचे. माझ्यावर मात्र रागवायचे, कारण मी डावांची नावं चुकीची उच्चारायची. कलाजंग, लपेट, एकचाक, बाहेरली टांग. गणित शिकवणाऱ्या बाईला हे कुठून यावं? शेवटी त्यांनी उठून, पलंगाचा खांब धरून, मला आतली टांग आणि बाहेरली टांग यांतला फरक करून दाखवला. आई असती तर दोघांनाही ओरडली असती.

शेवटच्या मुलाखतीत एक वाक्य होतं. थोरले वस्ताद सांगतायत की समोरचा अंगानं दुप्पट होता, दहा मिनिटं हलला नाही, आणि मग 'मी झाक मारली आणि मैदान उठून उभं राहिलं.' मी 'झाक'खाली लाल रेघ ओढली. कन्व्हर्टरच्या चुकांची माझी वेगळी यादी होती, तिच्यात टाकली. आप्पा म्हणाले, थांब. मूळ फाईलमध्ये तो शब्द काढायला लावला. बराच वेळ बघत राहिले.

"ढाक हाय ती, डावाचं नाव. ढाक मारली. झाक न्हवं."

"होय, कन्व्हर्टरनं घोळ केलाय."

"त्यानं न्हाई." त्यांनी हात टेबलावर ठेवला. डावी करंगळी शिफ्टवर. उजव्या हाताचं मधलं बोट स्वल्पविरामाच्या जागी टेकवलं. "ह्यो ढ." मग शेजारचं बोट, अनामिका, पूर्णविरामाच्या जागी. "ह्यो झ. घसरलंय माझं." आणि पुन्हा एकदा दोन्ही बोटं आळीपाळीनं टेबलावर वाजवून बघितली, ढ, झ, ढ, झ, जणू नक्की कुठं घसरलं ते आत्ताही सापडेल.

मी शब्द दुरुस्त केला आणि फाईल तालमीच्या पोराला पाठवली. त्याचं उत्तर आलं, नुसताच अंगठा. आप्पांचा हात अजून टेबलावरच होता.